छावणीतलं जनावर क्रमांक चारशे सतरा

मी पेटी बोलतेय. लोखंडी पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. माझ्या पोटात गोष्टींची एकशे बारा पुस्तकं मावतात. पण कागदोपत्री विचाराल तर मी पेटी नाही, मी एक मोठं जनावर आहे. माझ्या डाव्या कडीत पिवळा बिल्ला आहे आणि त्यावर ४१७ हा आकडा आहे. असा बिल्ला गाईम्हशींच्या कानात टोचतात. मला कान नाहीत, म्हणून कडीत अडकवला.

हसा, पण हसता हसता ऐका. मला घाई आहे. एप्रिल संपत आलाय आणि तुमची शाळा कुलूप लावायच्या बेतात आहे.

माझा जन्म धारूरच्या बाजारातला. मुनव्वरचाचांनी पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला, आणि त्यांच्या बायकोनं, अमीरबीचाचींनी, हिरवा रंग लावला. रंग लावताना त्या म्हणाल्या, "कोई दुल्हन का सामान जाइंगा इसमें."

"दुल्हन नको, म्हशी," चाचा म्हणाले. "दूध सोसायटी का आर्डर है."

"म्हशी के नसीब देखो!" चाची म्हणाल्या, आणि तरीही त्यांनी माझ्या झाकणावर एक पांढरं फूल काढलंच.

डोंगराखालच्या एका गावातल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेनं मला विकत घेतलं. दुधातली फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या माझ्यात ठेवायचे. दोन वर्षं मी त्या नळ्या तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. मग पाऊस रुसला, चारा संपला, म्हशी आटल्या. दूधच येईना, तर मोजणार काय? संस्थेचे सचिव रामहरीभाऊ रोज वेळेवर यायचे, पंखा लावायचे आणि माझ्यावर पाय ठेवून पेंगायचे.

तेव्हा गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत धर्मराज सर नवीन आले होते. शाळेची पुस्तकं पोत्यात होती आणि ती उंदरांनी मुलांच्या आधी संपवत आणली होती. सरांनी संस्थेकडे माझ्यासाठी अर्ज केला. वार्षिक सभेत दोन तास चर्चा झाली. अखेर ठराव झाला: पेटी शाळेला वापरायला द्यावी, मालकी संस्थेची राहील.

सरांनी आनंदानं मला शाळेत नेलं, पुस्तकं भरली, आणि उंदरांच्या धाकानं कुलूप दाबलं. दाबलं की बसणारं कुलूप होतं ते. किल्ली आणायला सर संस्थेत गेले.

"किल्ली?" रामहरीभाऊंनी ठरावाचं पान बोटानं तपासलं. "ठरावात किल्ली कुठं हाय, सर?"

"अहो भाऊ, पेटी दिली म्हणजे किल्ली आलीच की!"

"तसं समजून चालत न्हाई. सहकार हाय हा. पुढल्या सभेला विषय घेऊ."

पुढची सभा एका वर्षानं होती. एक वर्ष! मोठ्यांचं एक वर्ष म्हणजे एक सभा असते. मुलांचं एक वर्ष म्हणजे एक इयत्ता असते. त्या वर्षी दुसरीतली मुलं रोज माझ्यावर बसून डबा खायची आणि आत काय आहे म्हणून ठोकून बघायची. मी आतून ओरडायचे. पत्र्याचा आवाज कोण मनावर घेतो?

शेवटी किल्ली आली. मी उघडले. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही सांगते.

वाचन हे उसाच्या रोपासारखं नाही, म्हशीसारखं आहे. रोज काढलं नाही तर आटतं. मार्चमध्ये जी मुलं ओळ वाचायची ती जूनमध्ये शब्दाशी अडायची. जी शब्द वाचायची ती अक्षराशी अडायची. उन्हाळ्याचे दोन महिने मी कोंडलेली, मुलं बाहेर, आणि जूनमध्ये सर पुन्हा पहिल्या पानावर. दरवर्षी तेच. मोठी माणसं याला सुट्टी म्हणतात.

सगळ्यात जास्त आटायची ती पारू. आजीचं नाव तिला ठेवलं होतं आणि आजीसारखीच ती बारीक डोळे करून बघायची. तिसरीत होती. तिचा बाप कचरू दिवाळीनंतर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचा, सोबत आई, धाकटा भाऊ आणि थोरली बहीण. थोरली धाकट्याला सांभाळायची. त्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणीतरी हवं झालं.

पाडव्याला कारखान्यावरून परत आल्यावर कचरू शाळेत आला आणि माझ्यावरच बसून सरांशी बोलला. "सर, तीन वर्षं झाली पोरगी शाळंत हाय. परवा सोसायटीची पाटी वाच म्हनलं तर 'दू' म्हनून थांबली. पुढं जाईचना. मग शाळंत असली काय आन उसाच्या फडात असली काय, सारखंच की."

"सुट्टीत विसरतात हो मुलं," सर म्हणाले.

"मग ह्या सुट्टीत इसरू नका देऊ. शाळा उघडायच्या आत माज्यासमोर घडाघडा वाचलं तर ऱ्हाईल आजीपशी. न्हाई तर यंदा कारखान्यावर."

तो उठून गेला. पारू दाराआड उभी होती. तिनं मला हात लावला. त्या हाताची ऊब अजून माझ्या पत्र्यात आहे.

त्या उन्हाळ्यात गावात गुरांना प्यायला पाणी उरलं नाही. संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. गाव तिकडेच गेलं म्हणा ना. गुरं दावणीला, माणसं गुरांपाशी, मुलं माणसांपाशी. हिरव्या जाळीच्या सावलीत चारशे सोळा जनावरं उभी राहिली. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला कुलूप लागलं.

मला वाटलं, झालं. पारूही गेली, मीही गेले. पण धर्मराज सरांनी दोघातिघांच्या मदतीनं मला उचललं, मोटारसायकलवर मागे बांधलं आणि थेट छावणीच्या फाटकात आणून उतरवलं. फाटकात टेबल टाकून रामहरीभाऊ बसले होते. छावणीचे व्यवस्थापकही तेच.

"मुलं इथं आहेत, मग पुस्तकं इथंच पाहिजेत," सर म्हणाले.

"आत सोडता येनार न्हाई. नोंद नसलेली एक बी गोष्ट छावणीत घ्यायची न्हाई, असा नियम हाय."

"मग नोंद करा."

रामहरीभाऊंनी वही उघडली. त्यांचा चेहरा पडला. "सर, हितं दोनच रकाने हायत. मोठं जनावर आन लहान जनावर."

शेजारच्या खुंट्याची बायनाबाई हे ऐकत होती. "अरं मग मोठ्यात घाल की! एका मानसाला उचलंना, ती काय शेळी हाय का?"

रामहरीभाऊंना हा मुद्दा पटला. मालकी संस्थेची, संस्था दुधाची, तेव्हा दुधाळ गटात घ्यायला त्यांच्या मते हरकत नव्हती. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मोठं जनावर, एक. रंग हिरवा. कपाळावर पांढरं फूल. शिंगं नाहीत. सध्या दूध देत नाही. मग बिल्ला अडकवला, आणि मी सहकाराच्या इतिहासात शिरले.

छावणी शिस्तीची होती. जनावर म्हटलं की चारा आलाच. रोज सकाळी माझ्यापुढे पंधरा किलो उसाचं वाडं आणि एक घमेलं पाणी ठेवलं जायचं. पहिल्या दिवशी मला फार संकोच वाटला. दुसऱ्या दिवसापासून बायनाबाईची म्हैस मान लांबवून माझाही वाटा खाऊ लागली. तिचा बिल्ला चारशे सोळा. आमची लवकरच मैत्री झाली, म्हणजे ती खायची आणि मी बघायचे.

दुपारी ऊन चढलं की मुलं माझ्याभोवती जमायची. सर झाकण उघडायचे. कुणी म्हशीच्या पाठीला टेकून वाचायचं, कुणी पाण्याच्या टाकीखाली. पारूनं एक पातळसं पुस्तक धरलं. एका गावावर रुसून निघून गेलेल्या विहिरीची गोष्ट होती ती. लोक बादल्या घेऊन विहिरीला शोधत हिंडतात. पारू एका दिवसात दोन ओळी वाचायची. अक्षराला अक्षर चिकटवत, जीभ बाहेर काढून.

"बा... बादली... बादलीत... बादलीत धूळ!" असं म्हणून ती इतकी हसली की म्हैस दचकली.

शेवटच्या दोन पानांपर्यंत पोचायला तिला अकरा दिवस लागले. लोकांना विहीर डोंगरापलीकडे सापडते. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असते. लोक म्हणतात, घरी चल. विहीर म्हणते, "येईन. पण माझी एक अट आहे. ती अशी, की..."

इथे पान संपत होतं. पारूला आईनं हाक मारली. ती पुस्तक उघडंच ठेवून पळाली. आणि चारशे सोळा नंबरनं मान लांबवून शेवटचं पान खाल्लं.

माझ्या डोळ्यांदेखत झालं हे. माझ्या वाट्याचं वाडं समोर असताना खाल्लं! परत आलेल्या पारूनं पुस्तक पाहिलं, मग म्हशीचं हलणारं तोंड पाहिलं, आणि तिनं म्हशीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला.

"सोड! सोड गं मेले! मला अट कळली न्हाई अजून!"

"आगं तुजा हात जाईल!" बायनाबाई धावली. "खाल्लं तर खाल्लं. उद्या शेनात बघ."

पारूनं दुसऱ्या दिवशी खरंच बघितलं. काही वाचता आलं नाही.

यानंतर माझ्यावर खरं संकट आलं. गुरांचे डॉक्टर गहिनीनाथ तपासणीला आले. आठवड्याला चारशे सतरा जनावरं तपासून त्यांची मान खाली वळली होती, ती वर यायची नाही.

"क्रमांक चारशे सतरा. चारा खातं?"

"न्हाई," रामहरीभाऊ म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"पाणी?"

"न्हाई."

"शेण?"

"आल्यापसून न्हाई."

डॉक्टरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "रामहरीभाऊ, ही पेटी आहे."

"ते मला बी दिसतंय, सायेब. पर वहीत जनावर हाय."

डॉक्टर विचारात पडले. वही खोटी म्हणावी तर चारशे सोळा जनावरांची नोंद पुन्हा करावी लागली असती. त्यांनी सुस्कारा टाकला आणि थर्मामीटर माझ्या कुलपाच्या भोकात घातलं. मी पत्र्याची आहे म्हणून मला लाज नाही असं समजू नका. मे महिन्याची दुपार होती. मी दिवसभर उन्हात तापलेली. पारा सरसर चढला आणि टोकाला जाऊन थांबला.

"भयंकर ताप आहे," डॉक्टर दचकून म्हणाले. "खात नाही, रवंथ करत नाही, वर ताप. साथीचं असेल तर सगळी छावणी बसेल. बाजूला बांधा. आठ दिवसांत फरक पडला नाही तर छावणीतून कमी करा."

मला माळाच्या टोकाला नेलं. भोवती चुन्याची रेघ मारली. झाकण बंद, कुलूप बंद, रेघेच्या आत कुणी यायचं नाही. धर्मराज सर त्या आठवड्यात प्रशिक्षणाला बीडला गेले होते. मुलं दोन दिवस रेघेबाहेर घुटमळली आणि मग गोट्या खेळायला लागली. त्यांचा दोष नाही. पुस्तकाला कुलूप लावलं की मुलं गोट्याच खेळणार. मला चीड आली ती वहीची.

एकशे बारा पुस्तकांतली एकशे अकरा आत होती. बाहेर एकच राहिलं होतं, शेवटचं पान खाल्लेलं. ते पारूपाशी होतं.

ती रोज यायची. रेघेला पायाचे अंगठे लावून बसायची आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायची. दुसरं पुस्तकच नव्हतं, म्हणून तेच. पहिल्या दिवशी अडखळत. तिसऱ्या दिवशी थोडं कमी. पाचव्या दिवशी ती विहिरीचा आवाज वेगळा काढायला लागली, जाड आणि रुसका. सातव्या दिवशी ती न थांबता "ती अशी, की" पर्यंत आली आणि मला म्हणाली, "तुला म्हाईत आसंल अट. तुज्या पोटात व्हतं ना ते." माहीत होती का? माझ्या पोटात पुस्तकं असतात, पण मला ती वाचता येत नाहीत. हे दुःख मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी डॉक्टर आले. मागे रामहरीभाऊ वही घेऊन, त्यांच्या मागे अर्धी छावणी. एवढं मोठं जनावर कमी करणार म्हणून सगळे बघायला आले होते. कचरूही बैल सोडून आला होता.

"खातंय?"

"न्हाई, सायेब."

"रवंथ?"

"न्हाई."

"करतंय!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. पारू पुस्तक छातीशी धरून उभी होती.

"कुठं करतंय गं?" डॉक्टर म्हणाले. "तोंड तर बंद आहे."

"रवंथ म्हंजी एकदा खाल्लेलं परत परत तोंडात आनायचं. व्हय ना?"

"हो."

"मग आयका." आणि तिनं पुस्तक उघडलं.

मी खूप सभा पाहिल्यात, पण इतकी शांत सभा पाहिली नाही. पारू वाचत गेली. विहीर रुसली, विहीर निघाली, बादलीत धूळ. बायनाबाई तोंडाला पदर लावून हसली. लोक डोंगर चढले तेव्हा डॉक्टरांनी थर्मामीटर खिशात ठेवलं. विहीर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सापडली. "येईन," पारू जाड आवाजात म्हणाली, "पण माझी एक अट आहे. ती अशी, की..."

आणि ती थांबली.

"काय अट?" डॉक्टर म्हणाले.

"पुढचं पान चारशे सोळानं खाल्लं."

"खाल्लं?" डॉक्टर एकदम ओरडले. "असं कसं खाल्लं? मग अट काय होती?"

"त्ये कुनालाच म्हाईत न्हाई."

"मी सांगते," बायनाबाई म्हणाली. "माज्यात कुनी थुकायचं न्हाई म्हनली आसंल. मी विहीर असते तर हेच म्हनले असते."

"अट लेखी असनार," रामहरीभाऊ म्हणाले. "तोंडी अटीला काय अर्थ न्हाई."

"मोटार दिवसाला दोनच तास, आसं म्हनली आसंल," कुणीतरी मागून म्हणालं, आणि मग ज्यांच्या मोटारी दिवसभर चालायच्या त्यांचं आणि त्याचं चांगलंच जुंपलं. बोअर खोल कुणी नेलं, ऊस कुणी लावला, दुष्काळात विहीर का रुसली, सगळं निघालं. अर्धा तास माळावर नुसता कल्ला. एवढी तावातावानं चर्चा त्या संस्थेच्या एकाही सभेत झाली नव्हती. आणि ही सगळी एका न वाचलेल्या पानावर!

कचरू त्या कल्ल्यात नव्हता. तो पारूकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "ती एकटी पडली आसंल. काठावर कुनी बसत नसंल आता, नळ आल्यापसून. कुनी येऊन बसा म्हनली आसंल."

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि लिहिलं: क्रमांक चारशे सतरा. रवंथ नियमित. प्रकृती उत्तम. बाजूला बांधण्याची गरज नाही. सही केली आणि जाता जाता पारूला म्हणाले, "अट कळली तर कळव. मी पुढच्या बुधवारी आहे."

कचरूनं मला एका कडीला धरलं, दुसऱ्या कडीला बायनाबाईनं, आणि दोघांनी मला परत सावलीत आणलं. पारू बापाच्या तोंडाकडे बघत चालत होती. तो तिला शाबास म्हणाला नाही. बैलांना पाणी दाखवलं, दावं बांधलं आणि पाठमोराच म्हणाला, "मी दिवाळीनंतर जाईन, पाडव्याला येईन. तवर ती अट शोधून ठीव. आल्या आल्या मला सांगायची."

"म्हंजी मी..."

"आजीपशी ऱ्हा. फडात बसून कशी शोधशील?"

धाकटा मग कुणी सांभाळला? कचरूच्या मोठ्या भावजयीनं, कुरकुरत. तिची कुरकुर मी ऐकलीय आणि ती खोटी नव्हती. फुकट काहीच मिळत नाही.

छावणी उठली तेव्हा सगळ्या जनावरांचे बिल्ले काढले. माझा राहिला, कारण मालकाची सही लागते, मालक संस्था आहे आणि तो विषय अजून सभेपुढे आलेला नाही. पशुगणना झाली तेव्हा मलाही मोजलं. गावात एक मोठं जनावर जास्त आहे ते मीच.

आता मी शाळेच्या ओसरीत असते. माझा रंग उडालाय, पांढऱ्या फुलाची एकच पाकळी उरलीय. किल्ली हरवलीय आणि नवी करायचा ठराव झालेला नाही, त्यामुळे कुलूप कुणी लावतच नाही. देवाची कृपा. पारू आता सातवीत आहे. पुढल्या गावातल्या शाळेत जाते, पण पाडव्याला कचरू परत आला की दोघं इथे येतात. तो माझ्यावर बसतो, बूट काढतो आणि विचारतो, "हं, यंदा काय काय झालं?" आणि चार महिन्यांत वाचलेलं सगळं ती त्याला वाचून दाखवते. उन्हं उतरेपर्यंत.

विहिरीचं ते पुस्तक माझ्यातच आहे. शेवटचं पान पारूनं स्वतः लिहून चिकटवलंय, छावणीच्या चाऱ्याच्या पावतीमागे, शाईनं. त्यात तिनं अट लिहिलीय. ती काय आहे ते कचरूला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, बायनाबाईलाही माहीत आहे, पण तिला ती अजून मान्य नाही. मला माहीत नाही; ती त्यांना सांगितली तेव्हा मी तिथे नव्हते. सांगितलं ना, मला वाचता येत नाही.

म्हणून मुलांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रत्येक जनावराला भरलेलं पोट हवं असतं. मला मे महिन्यात रिकामं हवंय. एकशे बाराच्या एकशे बारा घेऊन जा. बैलाला टेकून वाचा, टाकीखाली वाचा, झाडावर चढून वाचा. फक्त म्हशीपासून जरा लांब बसा.

आणि ते विहिरीचं पुस्तक ज्याच्या हाती लागेल, त्यानं नेण्याआधी क्षणभर माझ्याशेजारी बसावं आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचावं. मला ती अट ऐकायचीय. चार वर्षं झाली, मी वाट बघतेय.